ड्रेस्डेनला पाणी किती

सकाळचा चहा झाला आणि बायकोनं टॅब पुढे ओढला. मी पावाला लोणी लावत होतो. तिनं चष्मा नाकावर सरकवला, बोट फिरवलं, आणि म्हणाली, "दोन बोटं चढलंय."

ड्रेस्डेन हे जर्मनीतलं शहर, एल्ब नदीच्या काठचं. तिथं नदीचं पाणी मोजतात आणि मोजलेला आकडा जगात कुणालाही घरबसल्या बघता येतो. आम्ही राहतो कॅनडात, विंडसरला, मुलीच्या बेसमेंटमध्ये. आमची सकाळ ती त्यांची दुपार. आकडा सेंटिमीटरमध्ये असतो, पण ती मला बोटांत सांगायची. वसईला तिच्या माहेरी बावखलातलं पाणी बोटांतच मोजायचे. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, केळी-पानवेलींना पाणी द्यायला खणलेलं.

"आता तरी चालेल म्हणा की," ती म्हणाली.

"उद्या बघू."

"रोज उद्या."

"अगं, बर्फ अजून डोंगरावरच आहे त्यांचा. वितळू दे. मेमधलं पाणी मार्चमध्ये कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा. इंजिनवाले ना तुम्ही?"

मी पाव खाल्ला. तिनं कप विसळले, टॅब चार्जिंगला लावला आणि वर गेली मुलीच्या डब्याचं बघायला. एवढंच. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. दुपारी जेवून ती जरा पडते म्हणाली. चहाला उठवायला गेलो, उठली नाही.

त्या नदीचं आणि आमचं काय नातं ते सांगायला मागं जावं लागेल.

मी शिकलो चौथीपर्यंत. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते आता आठवत नाही. जहाजावर लागलो तो तेलवाला म्हणून. तेलवाला म्हणजे इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालणारा, पुसणारा, गाळण्या धुणारा. सगळा जन्म पाण्यावर काढला, पण पाण्याच्या पातळीखाली. आमचं जहाज बरेचदा हॅम्बर्गला जायचं. लोकांना वाटतं हॅम्बर्ग समुद्रावर आहे. नाही. ते एल्बमध्ये आत आहे, चांगलं तासन् तास आत. समुद्राची भरती तिथवर चढते, म्हणून मोठी जहाजं तिथवर जातात. मुखाशी नदी एवढी रुंद, की डेकवरची पोरं म्हणायची, हिला नदी म्हणायचं की खाडी तेच कळत नाही.

पोरं म्हणायची. मी बघितलं नाही. नदीत शिरलं की वर वाट दाखवणारा पायलट चढतो आणि खाली स्टँडबाय. स्टँडबाय म्हणजे इंजिनवाल्यांनी कुणी जागा सोडायची नाही. वरून घंटी आली की हळू, पुन्हा आली की थांब, पुन्हा आली की मागं. बाहेर गाव गेलं की चर्च गेलं, दिवस आहे की दिवे लागले, आम्हाला काही नाही. आम्हाला नदी कळायची ती गाळणीतून. इंजिन गार ठेवायला बाहेरचं पाणी आत घेतात. नदीत शिरताना जहाजाच्या तळाचं तोंड बंद करायचं आणि कुशीतलं उघडायचं, कारण तळाशी गाळ. तरी गाळ यायचाच. मग मी जाळी काढून धुवायचो. काळा, गार, लोण्यासारखा मऊ गाळ. कधी त्यात केसाळ नांग्यांचा खेकडा. मी एल्ब बघितली नाही, पण खोऱ्यानं हातात घेतली आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तिनं विचारलं, "नदी कशी आहे हो?"

"गार आहे."

"आणखी?"

"काळी आहे."

"तुम्ही नदीला गेला होता की विहिरीत पडला होता?"

एकच गोष्ट मी तिला बघितलेली सांगितली होती. हॅम्बर्गला धक्क्याला लागल्यावर आम्ही वर यायचो तेव्हा बाजूनं लांबट चपट्या बोटी जायच्या, कोळसा नाहीतर वाळू भरलेल्या. त्या वरून, नदीच्या आतल्या अंगाहून यायच्या. काही तर चेक लोकांच्या. त्यांच्या देशाला समुद्र नाही, एल्ब हाच त्यांचा रस्ता, आणि हॅम्बर्गच्या बंदरात त्यांना स्वतःचा एक कोपरा दिलेला होता. अशा एका बोटीवर मागच्या बाजूला खोली होती, खिडकीला पडदा, कुंडीत लाल फुलं. एक बाई दोरीवर नवऱ्याची पाटलोण वाळत घालत होती आणि नवरा सुकाणूवर उभा राहून तिच्यावर ओरडत होता.

हे ऐकून ती काम करायची थांबली. "बायको बोटीवर?"

"त्यांच्यात चालतं. घर तेच, बोट तीच."

"नवरा-बायको एकाच बोटीत," ती म्हणाली. "आणि वर भांडतात पण. नशीबवान आहेत."

मी वर्षातले दहा महिने बाहेर असायचो तेव्हाची गोष्ट ही. ती वसईत, मी कुठल्या तरी पाण्याखाली. दोन बाळंतपणं तिनं माझ्याशिवाय काढली. त्यातलं एक मूल राहिलं, ती ही मुलगी. पण ती बोटीवरची बाई माझ्या बायकोच्या डोक्यातून गेली नाही. दर सुट्टीत विचारायची, "ती पाटलोणवाली दिसली का?" जसं काही नदीत एकच बोट.

मुलीनं आम्हाला इकडं आणलं तेव्हा मी जहाज सोडलेलं होतं. विंडसरलाही नदी आहे. पलीकडं डिट्रॉइट, म्हणजे अमेरिका. नदीच्या मधोमध दोन देशांची हद्द. उन्हाळ्यात आम्ही थर्मास घेऊन बाकावर बसायचो आणि धान्याची लांब जहाजं जाताना बघायचो. मी म्हणायचो, आत्ता खाली एक तेलवाला घामाघूम असेल. ती म्हणायची, त्याला सांगा, वर बाकावर एक म्हातारी तुझ्यासाठी हात हलवते आहे. आणि खरंच हलवायची.

तिचं शिक्षण मॅट्रिक. इथल्या लायब्ररीत ती जाऊ लागली आणि एक दिवस नद्यांचं मोठं पुस्तक घेऊन आली, लहान मुलांचं, नकाशे असलेलं. त्यात एल्ब होती. मला म्हणाली, "बसा. तुमची नदी तुम्हाला वाचून दाखवते."

"मुखापासून वाच."

"नदी उगमापासून वाचतात."

"माझं जहाज काय उगमातून शिरलं होतं?"

"तुम्ही रोझरीची जपमाळ शेवटापासून म्हणता का?"

वाचली उगमापासून. चेक आणि पोलंडच्या सरहद्दीवर डोंगर आहेत, तिथं ती निघते. तिथं एवढीशी आहे की लहान मूल उडी मारून पलीकडं जाईल. चेक लोक तिला लाबे म्हणतात. मग त्यांच्या राजधानीहून, प्राहाहून, येणारी व्हल्टावा तिला मिळते. गंमत अशी की मिळायला येणारी नदी मोठी आणि जिला मिळते ती लहान, तरी पुढं नाव लहान नदीचं चालतं. तिनं पुस्तकावरून डोळे उचलून माझ्याकडं बघितलं. "लग्नच झालं हे," ती म्हणाली. "मोठी असून नाव हिचंच गेलं."

मग नदी डोंगर कापून जर्मनीत येते, उंच उभ्या दगडांमधून. मग ड्रेस्डेन. शेवटच्या युद्धात विमानांनी ते शहर जाळलं तेव्हा माणसं जीव घेऊन नदीच्या काठच्या कुरणाकडं पळाली होती, असं तिनं वाचलं. मग माइसेन, तिथं चिनी मातीची भांडी होतात. विटेनबर्गला आली तेव्हा तिनं आधी क्रूसाची खूण केली. ज्या पाद्र्यानं पोपसाहेबांशी भांडण उकरलं आणि ख्रिस्ती लोकांचे दोन भाग झाले, तो इथला. पानभर वाचून झाल्यावर म्हणाली, "माणूस अगदीच वाईट बोलत नव्हता."

"आपल्या फादरना सांगू नकोस."

"वेडी आहे का मी?"

विटेनबर्गच्या आधी टोरगाव म्हणून एक गाव आहे. युद्ध संपत आलं तेव्हा एका बाजूनं अमेरिकेचे सैनिक आले आणि दुसऱ्या बाजूनं रशियाचे, आणि तिथल्या मोडक्या पुलाशी भेटून त्यांनी हात मिळवले. पुढं जर्मनीचे दोन देश केले तेव्हा त्याच नदीचा खालचा एक तुकडा हद्द झाला. काठाला तारेचं कुंपण, पहाऱ्याच्या बोटी. मी म्हटलं, "अगं, म्हणजे मी जाळी धूत होतो तेव्हाच हे चाललं होतं. तो गाळ दोन्हीकडचा होता." ती म्हणाली, "गाळाला कुठला आलाय देश." माग्देबुर्ग मात्र मला आवडलं. तिथं नदीच्या वरून कालव्याचा पूल आहे. खाली नदी वाहते आणि वरून पुलातल्या पाण्यावर बोटी जातात. ते चित्र मी तिला तीनदा दाखवायला लावलं. पाण्यावरून पाणी नेणाऱ्या माणसाला मी मानतो.

हॅम्बर्ग आलं तेव्हा तिनं पुस्तक माझ्या पुढं सरकवलं. "आता तुमचं. सांगा." मी तिला हॅम्बर्गपासून समुद्रापर्यंत सांगितलं. घंट्यांनी सांगितलं. इथं एक लांब हळू, इथं भरती लागली की इंजिनाचा आवाज बदलतो, इथं डावीकडं वळण असणार कारण जहाज कलायचं. याच वाटेनं मागं कधी तरी लाखो माणसं गलबतांत बसून अमेरिकेला, कॅनडाला निघून गेली, हे तिनं आधीच वाचलेलं होतं. ते तिनं मला सांगितलं. मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यावरून एवढं सगळं गेलं आणि मी खाली खेकडे काढत होतो.

अशी अर्धी तिला ठाऊक, अर्धी मला. बघितलेली कुणीच नाही.

लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या साली मुलीनं आमच्यासाठी एल्बवरची बोट ठरवली. प्राहाजवळून ड्रेस्डेनवरून खाली जाणारी. छोटी बोट, झोपायला खोली, वर डेक. सप्टेंबरात जायचं. मुलगी म्हणाली, "मम्मी, नाइस केबिन आहे. विंडो पण आहे." तिनं विचारलं, "कपडे वाळत घालायला दोरी असेल का?" मुलीला काही कळलं नाही. मला कळलं. मी हसलो, आणि मनात ठरवलं, हिला त्या बोटीच्या डेकवर उभी करायची. ओरडायचं पण तिच्यावर, त्या चेक माणसासारखं.

त्या उन्हाळ्यात तिकडं पाऊस पडला नाही. सगळा युरोप भाजून निघाला. ऑगस्टमध्ये टॅबवर बातमी आली, एल्बमधले जुने दगड वर आले. दुष्काळाचे दगड. जुन्या लोकांनी नदीच्या तळाशी दगडांवर दुष्काळाची सालं कोरून ठेवलीत, पाणी फारच खाली गेलं की ते दिसतात. एका दगडावर कोरलं आहे, मला पाहिलंस तर रड.

तिनं मला फोटो दाखवला. आमच्यात कुणाला असलं काही दाखवलं तर तो पहिल्यांदा 'देवाची मावली' म्हणून देवाच्या आईला हाक मारेल. ती म्हणाली, "आमच्या बावखलात पण होता असा दगड. शेवटची पायरी. ती दिसली की बाबा केळीचं पाणी तोडायचे. नुसत्या पानवेली जगवायचे."

"म्हणजे तो दगड बघून रडायचे?"

"नाही. काय जगवायचं ते ठरवायचे." मग टॅब उलटा ठेवून हसली. "आपण कुठं बघितलाय? टॅबवर बघितलाय. टॅबवर बघितलेल्याचं रडायचं नसतं."

थोड्याच दिवसांत ट्रॅव्हलच्या ऑफिसातून फोन आला. मुलीनं स्पीकरवर घेतला. पलीकडची पोरगी गोड बोलत होती. नदीत पाणी नाही, बोट चालणार नाही. दोन गोष्टी करता येतील. दिवसभर बसनं नदीकाठची गावं बघा, रात्री धक्क्याला बांधलेल्या बोटीत झोपा. नाहीतर हेच तिकीट पुढच्या मेमध्ये वापरा.

मी म्हटलं, "बांधलेल्या बोटीत झोपायचं तर बेसमेंट काय वाईट आहे?"

मुलगी हसली. बायको हसली नाही.

"बसमधून नदी दिसणार नाही का?" तिनं विचारलं.

"दिसेल. पुलावरून. घटकाभर."

"मला घटकाभर पुरे आहे."

"मला नाही पुरे. बसच्या खिडकीतून नदी बघायला पन्नास वर्षं थांबलो का?"

"पप्पा, इट्स अप टू यू," मुलगी म्हणाली. "पण मम्मी टायर्ड होते आजकाल. आत्ताच गो करा ना."

मुलीनं बोलून दाखवलं होतं. हे मी विसरलेलो नाही. बायको जिना चढताना मध्ये थांबायची, रेलिंगला हात लावून, आणि थांबली की भिंतीवरच्या फोटोंकडं बघायची, जणू फोटो बघायलाच थांबली आहे. मीही फोटोंकडं बघायचो.

जहाजावर एक रीत होती. पाणी उथळ असलं तर शिरायचं नाही. बाहेर नांगर टाकायचा, भरतीची वाट बघायची. घाई करणारा कप्तान मी बघितलाय, त्याची गाळणी चोंदली, इंजिन तापलं, जहाज गाळात. सारा जन्म मी तेच शिकलो. वाट बघ, पाणी येतं. पाणी येतंच. मी तेच सांगितलं, "मेमध्ये जाऊ. डेकवर उभी करतो तुला. बसमध्ये नाही."

तिनं ओट्यावरचा कपडा उचलला, पिळला, पुन्हा तिथंच ठेवला. मग म्हणाली, "बरं. मे."

रीत चुकीची नव्हती. पण ती जहाजाची होती. जहाज नांगरावर उभं राहतं. आज होतं तसंच उद्या असतं.

तेव्हापासून ती रोज सकाळी ड्रेस्डेनचं पाणी बघू लागली. ते पान कसं सापडलं तिला कोण जाणे. जर्मन भाषा, पण आकडा तो आकडा, आणि खाली एक रेघ, वर-खाली होणारी. रेघ मलाही कळायची. इंजिनरूममध्ये तापमानाची तशी रेघ असायची. ऑफिसवाल्यांनी सांगितलं होतं, एवढं पाणी असलं की बोट चालते. ती खूण तिच्या डोक्यात पक्की होती. आधी पाणी खालीच राहिलं. डिसेंबरात चढलं, नाताळात ती दिवसभर खूश. मग उतरलं, मग पुन्हा चढलं. बाहेर आमच्याकडं बर्फ, मुलगी खोऱ्यानं ड्राइव्हवे शोव्हल करायची, आणि आम्ही दोघं आत बसून दुसऱ्यांच्या नदीची काळजी करायचो.

मला चालेल म्हणायला लावायचं, हा तिचा खेळ झाला होता. ऑफिसला ईस्टरच्या आधी हो की नाही कळवायचं होतं, आणि हो म्हणायला ती माझी वाट बघत होती. स्वतः कळवू शकत होती. इंग्लिश माझ्यापेक्षा तिचं बरं. पण म्हणायची, "बोटीतलं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हटलं की मी फोन करते."

"पाणी खुणेच्या वर आहे ना?" मी विचारायचो.

"आहे."

"पण उतरेल."

"उतरेल तर उतरेल. तुम्ही आजचं सांगा."

"आजचं सांगून काय करायचं? आज जायचं आहे का?"

हे मी म्हणायचो. आज जायचं आहे का. मला तिला उगाच आशा लावायची नव्हती. ऑगस्टमध्ये एकदा तिचं तोंड उतरलेलं बघितलं होतं, पुन्हा बघायचं नव्हतं. मला वाटायचं, एप्रिलच्या मध्यावर, डोंगरावरचं पाणी खाली आलं की एकदम सांगीन, चालेल. छाती पुढं काढून सांगीन. तेव्हा ती खूश होईल ती खरी खूश. बारीकसारीक हो-हो मला म्हणताच आलं नाही कधी. आता वाटतं, रोज म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही झालं नसतं. ती रोज खूश झाली असती. पाणी उतरलं असतं तर दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं असतं. पण तेवढी अक्कल मला त्या टेबलावर आली नाही.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. त्या सकाळी ती दोन बोटं चढलंय म्हणाली आणि मी उद्या बघू म्हणालो, ते वर सांगितलंच आहे. दुपारी तिनं वांग्याची भाजी केली होती. मीठ कमी होतं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "वरून घ्या." मग जरा पडते म्हणाली.

अॅम्ब्युलन्सवाले चांगले होते. बूट काढून आत येऊ का असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, नको. नंतर मुलगी आली कामावरून, मग आपली माणसं आली, चर्चमधली. काही गाडी हाकत मिसिसागाहून निघाली, उशिरा पोचली. सगळ्यांनी मिळून रोझरी म्हटली. मी म्हटली की नाही आठवत नाही. ओठ हलत होते.

सकाळी मी उठलो तेव्हा वर स्वयंपाकघरात बाया बोलत होत्या. आमच्याकडं दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारून येतं ते खातात. कुणी तरी पेज आणली होती, वास खालपर्यंत आला. मी खालीच बसलो, टेबलाशी, माझ्या खुर्चीवर. तिची खुर्ची सरकवलेली होती, आदल्या सकाळी ती उठली तेव्हा सरकवली तशीच. टॅब तिनं लावला होता तिथंच चार्जिंगला होता. भरून कधीचा पूर्ण झाला असेल.

मी त्याला कधी हात लावला नव्हता. पण रोज समोर बसून तिचं बोट बघितलं होतं. खालून वर, मग कोपऱ्यातलं ते निळं चित्र. बोट माझं जाड, दोनदा भलतंच उघडलं. एकदा तिचा फोटोंचा डबा उघडला, तो पटकन बंद केला. मग ते पान आलं. जर्मन अक्षरं, आकडा, रेघ.

चष्मा तिचाच घातला, माझा वर राहिला होता. आकडा नीट वाचला. पुन्हा वाचला. रेघ बघितली. रेघ चांगली सरळ वर निघाली होती, जशी खरी भरती निघते, उचक्या न देता. बर्फ वितळायला लागला होता त्यांच्या डोंगरावर.

"चालेल," मी म्हटलं.

खोलीत कुणी नव्हतं. म्हणून मोठ्यानं म्हटलं. "चालेल गं. बोट जाईल."

मुलगी जिन्यावरून खाली आली. हातात पेजेचा वाडगा. डोळे सुजलेले. "पप्पा, हू आर यू टॉकिंग टू?"

"पाणी बघतो."

"कसलं पाणी?"

मी टॅब तिच्याकडं वळवला. तिनं वाडगा ठेवला आणि वाकून बघितलं. तिला ते पान माहीत नव्हतं. रोज वर घाईघाईत डबा भरून घेऊन ती कामाला जायची, खाली आम्ही काय करतो ते तिनं कधी बघितलं नव्हतं.

"हे रोज बघायचात तुम्ही दोघं?"

"ती बघायची. मी उद्या म्हणायचो."

ती आईच्या खुर्चीवर बसली नाही. माझ्या खुर्चीच्या हाताला टेकून उभी राहिली. बराच वेळ त्या रेघेकडं बघत होती. मग म्हणाली, "इज दॅट गुड, पप्पा?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "कालच्यापेक्षा तीन बोटं वर आहे."

तिनं वाडगा माझ्यापुढं सरकवला. मी पेज प्यायलो. मीठ बरोबर होतं. मग टॅब बंद केला, वायर शोधली, आणि ती लावायची तसा भिंतीकडं तोंड करून चार्जिंगला लावला.